मर्यादित खातं

महेशने कॉम्प्युटर आणला तो सुट्या भागांत. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटरचंच काम बघायचा, त्यामुळे कुठली वस्तू कुठे चांगली मिळते हे त्याला ठाऊक. रविवारी जेल रोडच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत त्याने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, दिवसभर खपून मशीन जुळवलं आणि संध्याकाळी मंजुषाला हाक मारली. पडद्यावर दोन नावं होती. त्याच्या नावाशेजारी बुद्धिबळाचा पट, तिच्या नावाशेजारी फुलपाखरू.

"हे तुझं वेगळं खातं," तो म्हणाला. "पासवर्ड तुझा तू टाक. मी बघत नाही." आणि खरोखरच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मंजुषाला त्याचं फार अप्रूप वाटलं. उपनगरच्या शाळेत ती मराठी शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात नवरा आणि सासू, गोजराबाई. मनातलं बोलावं असं माणूस एकच, बी.एड.ची मैत्रीण तेजल, आणि ती येवल्याला. फोन हॉलमध्ये, त्याच्याशेजारी गोजराबाईंची खुर्ची. तिथून काय बोलणार? आता मात्र शाळेतून आलं की चहा घेऊन आतल्या खोलीत बसायचं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत तेजलला लांबलचक मेल लिहायचा, हा तिचा रोजचा विसावा झाला. तेजल येवल्यातल्या एका सायबर कॅफेत जाऊन उत्तर पाठवायची.

ही २००५ सालची गोष्ट. त्या वर्षीची दिवाळी उलटून गेल्यावर एकदा जेवताना महेश हसत म्हणाला, "माणसं तीन, आणि तिन्ही त्रिकाळ पोळ्या लाटायच्या तुलाच. नाही का?"

मंजुषाही हसली. वाटी विसळताना तिचा हात थांबला. हे वाक्य तिचंच होतं. शब्द न् शब्द. आदल्याच दिवशी तिने ते तेजलला लिहिलं होतं.

असेल योगायोग, तिने स्वतःला सांगितलं. नवराबायको एकत्र राहिली की सारखंच बोलायला लागतात म्हणे.

पुढे मार्चमध्ये ती नाशिक रोडच्या एका लेडी डॉक्टरकडे गेली, घरी कुणाला न सांगता. मूल होत नव्हतं आणि त्याचा सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर होता. दिवाळीनंतर गोजराबाईंनी तिच्याकडून सोमवार करवून घेतले होते, वणीच्या गडावर नवस बोलायला लावला होता, सायखेड्याच्या कुठल्याशा वैदूचा काढा पाजला होता. तो काढा इतका कडू की दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नाला चव लागायची नाही. शेजारच्या डोहाळजेवणाला ती निघाली, तर चारचौघींत गोजराबाई म्हणाल्या होत्या, "तू ऱ्हाऊ दे. तिची ओटी भरू नको." महेश तिथेच पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "तुमच्यात काहीही दोष नाही. आता मिस्टरांना घेऊन या." मंजुषा घरी आली ती अर्धी हलकी होऊन आणि अर्धी घाबरून. हे महेशला कसं सांगायचं? तिने तेजलला लिहून विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महेश चहा ढवळत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "या बायकांच्या डॉक्टरांचं एक बरं असतं. बाई ठीक आहे म्हटलं की उरलेलं सगळं पुरुषाच्या गळ्यात."

मंजुषाने चमकून मान वर केली. "असं का म्हणताय?"

"सहज. कारखान्यात एकाच्या बायकोचं चाललंय."

तो उठून गेला. ती तशीच बसून राहिली. आता योगायोग कसा म्हणायचा? ही गोष्ट जगात तिघींनाच माहीत होती. डॉक्टरीणबाई सांगणार नाहीत. मग उरलं कोण? महेशकडे तेजलचा नंबर होता. लग्नात दोघांची चांगली ओळख झाली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने शाळेबाहेरच्या एसटीडी बूथवरून तेजलला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलली. तेजल आधी हसली, मग चिडली, मग रडवेली होऊन म्हणाली, "मंजू, तुझ्या नवऱ्याशी मी लग्नानंतर एकदाही बोललेली नाही गं."

"मग त्यांना स्वप्न पडलं का?" मंजुषा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तेजलचे मेल येत राहिले. मंजुषाने ते उघडलेही नाहीत. विसाव्याची जागा गेली. आणि घरात महेश पूर्वीपेक्षा गोड वागू लागला, ते तिला जास्तच खुपायला लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. त्याचं प्रमाणपत्र शाळेने मागितलंच होतं. बिटको चौकाजवळच्या क्लासमध्ये छायामॅडम म्हणून एक मुलगी शिकवायची. वयाने विद्यार्थ्यांपेक्षा लहान, पण आवाज खणखणीत. एके दिवशी तिने खात्यांचा विषय काढला.

"एका मशीनवर दोन जातीची खाती असतात. एक ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे घरमालक. दुसरं लिमिटेड, मर्यादित, म्हणजे भाडेकरू. भाडेकरूला राहता येतं, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. अँटिव्हायरसचंही तसंच. भाडेकरू तपासणी करू शकतो, काय सापडलं ते बघू शकतो. पण सापडलेलं काढायचं, की राहू द्यायचं, ते मालक ठरवतो."

"राहू कशाला देईल कुणी?" एका गुरुजींनी विचारलं.

"सगळेच प्रोग्रॅम बाहेरून घुसलेले नसतात, सर. काही आपणच बसवतो. मुलं इंटरनेटवर काय करतात ते बघायला आईबाप बसवतात. त्याने की-बोर्डवर दाबलेलं अक्षर न् अक्षर साठून राहतं. अँटिव्हायरस ते पकडतो, मग मालक त्याला सांगतो, याला हात लावू नकोस, हा आपला माणूस आहे."

वर्गात पंखा गरगरत होता. मंजुषाला घाम फुटला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिने मान हलवली.

रिक्षात बसल्यावर तिने दोनदा ठरवलं की घरी जाऊन काही बघायचं नाही. बघितलं नाही तर ते नाहीच, असंही कधी कधी असतं.

घरी गोजराबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. महेश यायला अजून अवकाश होता. मंजुषाने गॅसवर दूध ठेवलं, आत गेली आणि फुलपाखरावर क्लिक केलं. कोपऱ्यात अँटिव्हायरसचं छोटं चित्र होतं. इतक्या महिन्यांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. ते उघडलं. अर्धीअधिक बटणं फिकट होती, दाबली तरी दबत नव्हती. तपासणीचं बटण मात्र दबलं.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. फायलींची नावं भराभर पळत होती. पट्टी अर्ध्यावर आली तरी काही नाही. मंजुषाला हायसं वाटू लागलं, आणि त्याबरोबर शरमही. किती संशयी झालो आपण!

"मंजुषा! अगं, दूध उतू चाललं बघ! ध्यान कुठं हाय तुझं?"

ती धावली. गॅस बंद केला, ओट्यावर सांडलेलं दूध फडक्याने पुसलं, हात धुतले. परत आली तेव्हा पट्टी थांबलेली होती आणि यादीत एकच ओळ होती, लाल रंगात.

तिने इंग्रजी शब्द एकेक करून वाचले. की-बोर्डची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. त्यापुढे लिहिलं होतं, वगळलेला. कुणी वगळला? ॲडमिनिस्ट्रेटर, महेश. आणि पुढे तारीख, दिवाळीच्या सुट्टीतली.

रागाआधी तिला आठवली तेजल. फोनवरचा तो रडवेला आवाज. मंजुषाने तोंडावर हात दाबून धरला.

मग तिने काढून टाकायचं बटण दाबलं. चौकट आली: हे करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हवा. तिने महेशची जन्मतारीख टाकली. चूक. गाडीचा नंबर टाकला. चूक. सासऱ्यांचं नाव, कोंडाजी, टाकलं. चूक. चौथ्यांदा बोटं की-बोर्डवर टेकवली आणि ती एकदम चटका बसल्यासारखी मागे झाली.

हेही साठत होतं. ही जन्मतारीख, हा गाडीचा नंबर, कोंडाजी, सगळं. आता खिडकी बंद केली, मशीन बंद केलं, निमूटपणे मेथीची भाजी फोडणीला टाकली, तरी जेवण झाल्यावर महेश इथे येऊन बसणार आणि ती काय शोधत होती ते अक्षर न् अक्षर वाचणार. पुसायचं म्हटलं तर पुसायचा हक्क तिच्या खात्याला नव्हता.

बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. आवाज पुढे गेला, दुसऱ्या इमारतीकडे.

सुट्टी लागल्यावर घेतलेला नवा मोबाइल पर्समधून काढून ती बाल्कनीत गेली आणि तेजलला फोन लावला.

"बोल," तेजल तुटकपणे म्हणाली.

"तेजल, तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस."

"हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"ते माझं सगळं वाचत होते गं. कॉम्प्युटरमध्येच काहीतरी बसवलंय. मला आत्ता सापडलं. मी तुला काय काय बोलले..."

मग तेजलचा आवाज बदलला. "ते ऱ्हाऊ दे आता. घरात कोण आहे?"

"आई आहेत. ते येतीलच."

"घाबरू नकोस. भांडायचं असेल तर भांड, पण एकटी आहेस असं समजू नको. मी सकाळच्या पहिल्या एसटीने निघते."

मंजुषा आत आली. खिडकी बंद करायला तिने माऊसला हात लावला, आणि काढून घेतला. काढता येत नसेल, पण दाखवता तर येतं. ती लाल ओळ तिने तशीच पडद्यावर ठेवली आणि खुर्ची ओढून, दाराकडे तोंड करून बसली.

महेश आला. बूट काढल्याचा आवाज, "आई, चहा झाला का?", मग त्याची पावलं. दारात तो थांबला. त्याची नजर आधी तिच्यावर गेली, मग पडद्यावर. हातातलं हेल्मेट त्याने खाली ठेवलंच नाही.

"हे कुणी उघडलं?"

"मी."

"तुला कळतं का ते काय आहे?"

"कळतं. म्हणून तर उघडं ठेवलंय."

त्याने मागे हात करून दार लावलं. "हे बघ, इंटरनेटवर शंभर लफंगे असतात. बायकांना फसवतात. घराच्या सुरक्षेसाठी अशा गोष्टी ठेवाव्या लागतात. मी या लाइनमधला माणूस आहे, मला माहीत आहे."

"लफंग्यांचं तुम्ही वाचत होता की माझं?"

तो पुढे झाला आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला. मंजुषाने त्याआधीच उठून बटणावर तळवा ठेवला. त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. दोघंही तशीच उभी राहिली. ती ओरडली असती तर गोजराबाई धावत आल्या असत्या. ती ओरडली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिने हळू आवाजात विचारलं, "सोडता?"

त्याने सोडलं. मनगटावर बोटं उमटली होती.

"मी डॉक्टरकडे परस्पर गेले, ते चुकलं म्हणा," ती म्हणाली. "पण मी गेले मार्चमध्ये. तुम्ही हे बसवलंय दिवाळीत. तेव्हा माझ्याकडे लपवण्यासारखं काय होतं? नेमकं काय वाचायचं होतं तुम्हाला?"

महेश पडद्याकडे बघत राहिला.

"सांगा ना. माझा कुणावर जीव जडलाय, असं वाटलं?"

"नाही."

"मग?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याची काच वरखाली करू लागला. बाहेरून गोजराबाईंची हाक आली, "अरे, चहा गार व्हतोय!"

"दिवाळीच्या आधी मी ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो," अखेर तो म्हणाला. "तिथे तपासून घेतलं."

मंजुषाला क्षणभर अर्थच लागला नाही.

"माझ्यात आहे," तो म्हणाला. "मूल होण्याची शक्यता फार कमी आहे म्हणाले. मला वाटलं, आज ना उद्या तुला कळणार. तू कुणाला तरी विचारशील, कुणीतरी सांगेल, मग तू... तुझी नोकरी आहे, तुझं कुणावाचून अडत नाही. तुला कळलं तर मला आधी कळावं, एवढंच पाहिजे होतं."

मंजुषा खुर्चीवर बसली. आपली पत्रं कुणी चोरून वाचली याची चीड तासाभरापूर्वी आभाळाएवढी वाटत होती. आता ती कुठल्या कुठे गेली. दिवाळीपासून. म्हणजे सोमवार चालले होते तेव्हा याला माहीत होतं. काढा प्यायली तेव्हा. गडाच्या पायऱ्या चढताना हा तिच्यासोबत होता, नारळाची पिशवी घेऊन. आणि त्या डोहाळजेवणाच्या दिवशी याने पेपरचं पान उलटलं होतं.

"तुम्ही गप्प बसलात," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "सगळं माहीत असून गप्प बसलात."

"कसं सांगणार होतो मी आईला?"

"मला तरी?"

तो रडू लागला. मंजुषाला त्याची कीव आली नाही असं नाही. पण जवळ जावंसं वाटलं नाही.

"आधी हे काढा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने डोळे पुसले, स्वतःच्या खात्यात गेला आणि तो प्रोग्रॅम काढला. प्रोग्रॅमने साठवलेलं सगळं पुसलं. तिच्या खात्यापुढचा 'मर्यादित' शब्दही तिने त्याला बदलायला लावला. हे सगळं त्याने इतकं निमूटपणे केलं की कुणाला वाटावं, भांडण मिटलं.

"आता आईंना सांगा."

"मंजू, तेवढं नको."

"मग मी उद्या येवल्याला जाते. का जाते ते त्यांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन."

सकाळी तेजल आली ती ओढणीने तोंडावरची धूळ पुसतच. मंजुषाची बॅग दारात भरून ठेवलेली होती. गोजराबाई बॅगेकडे बघत, एकदा या पोरीकडे आणि एकदा सुनेकडे नजर टाकत म्हणाल्या, "काय चाललंय घरात? कालपासून तोंडं सुतकी. मला कोन सांगन का नाय?"

महेश कामाचे कपडे घालून तयार होता. दारापर्यंत गेला, बुटात पाय घातला, पुन्हा काढला. मग आईसमोर येऊन उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने सांगितलं. पुण्याची तपासणी, दिवाळी, सगळं. तेजल बाल्कनीत निघून गेली. मंजुषा भिंतीला टेकून उभी होती.

गोजराबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"आन् मी हिला चार बायांत बोलत व्हते, तवा तू बसून ऐकत व्हता?"

महेशची मान आणखी खाली गेली.

"अरे, मला आडवायचं तरी!" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या तोंडाला कुलूप घालायचं! त्या पोरीचा तळतळाट माझ्या पदरात घातलास तू."

सुनेकडे बघण्याचं त्यांना धाडस झालं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि डबा भरू लागल्या. भाकरी, ठेचा, कालची मेथी. डबा त्यांनी मंजुषाला नाही, तेजलला दिला.

"हिला तुझ्याकडं ठेव आठ-पंधरा दिस," त्या म्हणाल्या. "जेवू घाल. लय वाळलीय ती."

येवल्याला तेजलच्या घराशेजारी मागाचा खटखटाट दिवसभर चालायचा. पहिले काही दिवस मंजुषा नुसती झोपली. मग दोघी खूप बोलल्या. जे लिहिता आलं नव्हतं ते, आणि जे लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं होतं तेही. महेशचे फोन यायचे. ती घ्यायची, ऐकून घ्यायची, फारसं बोलायची नाही. तो म्हणाला, त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे तो जाऊन आला. ती म्हणाली, "बरं केलंत."

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना एका दुपारी गोजराबाई एकट्याच दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, तिच्यात सायखेड्याची वांगी आणि दोडके. आजवर अनोळखी गावात एकट्याने पत्ता विचारत त्या कधी फिरल्या नव्हत्या.

"त्यो स्टँडवर बसलाय," पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. "म्हनला, तिनं बोलावलं तरच येतो. मी म्हनलं, बस. मी तुझ्यासाठी आलेच नाय."

मंजुषाने रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मी काय बोलले ते माघारी घेता येत नाय, बाई," गोजराबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या. "तुला यायचं आसंल तर ये. नसंल यायचं, तर तुझ्या आईकडं मी सोता सोडायला येते आन् दोष कुनाचा ते माझ्या तोंडानं सांगते. पन तू ठरव. त्याला ठरवू देऊ नको."

मंजुषाने सासूकडे पाहिलं. उन्हातून चालत आल्याने त्यांचा चेहरा काळवंडला होता. तिने पिशवीतली वांगी परातीत काढली आणि विळी पुढे ओढली.

"आधी जेवून घ्या आई," ती म्हणाली. "नाशिकची शेवटची गाडी संध्याकाळी असते. तोवर बसू दे त्यांना. मग मी स्टँडवर जाते. बोलते त्यांच्याशी. गाडीत बसायचं की नाही, ते बोलल्यावर बघते."

तेजलने स्टोव्ह पेटवला. संध्याकाळी मंजुषा एकटीच स्टँडवर गेली, आणि तासभराने तेजलचा फोन वाजला.

"माझी बॅग घेऊन ये गं," मंजुषा म्हणाली. "आणि आईंनाही आण. आम्ही निघतोय. मी ठरवलं. तो तिथे नाशिकच्या गाडीपाशी रांगेत उभा आहे."

तेजलने ते ऐकलं आणि बॅग उचलली. स्वतःच्या नवऱ्याला 'तो' म्हणताना मंजुषाला तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.